पस्तानातलं सिमकार्ड

माणसानं तत्त्वाला धरून राहावं, पण मोबाईलच्या दुकानात शक्यतो राहू नये. तिथं काचेवर तत्त्व ठेवलं की दुकानदार त्याचंही रिचार्ज करून देतो, आणि एकदा झालेलं रिचार्ज परत होत नाही. हे मला आता कळलं आहे. (मला बऱ्याच गोष्टी आता कळल्या आहेत. त्या आधी कळल्या असत्या तर शेजारच्या घरी गादी टाकून झोपायची वेळ आली नसती. पण ते पुढं येईलच.)

झालं असं, की माझी बायको मंजुश्री डेन्मार्कला निघाली होती. तूर आणि हरभऱ्यातल्या प्रथिनांवर तिचं लातूरला संशोधन चालू होतं. ते वाचून तिकडच्या एका शेतकी केंद्रानं तिला वर्षभरासाठी बोलावलं. आमच्या उदगिरात डाळीच्या मिला इतक्या, की वारा सुटला तरी तोंडात भुसा येतो. शिवाय वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, डाळीचंच दुकान. त्यामुळं बातमी ऐकल्यावर आई पहिलं काय म्हणाली असेल, तर, "डाळ हितं, डाळ खाणारे हितं, अन् शिकायला तिकडं? तिकडं डाळ तरी मिळतीय का ग?"

"मिळत नाही म्हणूनच बोलावलंय, आई," मंजू म्हणाली.

आईला ते लगेच पटलं. परक्या देशात डाळीवाचून अडलेल्या लोकांना आपली सून मदत करायला चालली, असं तिनं गल्लीभर सांगितलं.

मी अमरनाथ. इथल्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतो. (तासिका ते देतात. तत्त्व मी घरून नेतो.) मंजू देगलूरची. लग्न ठरलं तेव्हाच मी तिला बजावलं होतं, की मला अहो-जाहो करायचं नाही, आपण दोघं बरोबरीचे. तिनं मान्य केलं, पण स्वतःच्या अटीवर. चारचौघांत 'तुम्ही' आणि एकटं असताना 'तू'. आता आमच्या घरात एकटं असणं ही दिवाळीसारखी, वर्षातून एकदा येणारी गोष्ट. त्यामुळं एक जागा सोडली, तर मी तसा बहुतेक 'तुम्ही'च राहिलो.

तर आम्ही दोघं विरूपाक्षच्या दुकानात गेलो. विरूपाक्ष माझा शाळेतला मित्र. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, आता परदेशी जाणाऱ्यांना सिमकार्डं देतो.

"या वहिनी, बसा. तू बी बस," तो म्हणाला. "तीन प्लॅन हायत. लहान्यात मेसेज चालतेत, अन् रविवारी एखादा फोन. मधल्यात रोज थोडं बोलता येतंय. मोठ्यात दिवसभर तोंड बघत बसा, संपत न्हाई. वहिनी वर्षासाठी चालल्यात, मोठाच घे."

"तिकडं वायफाय असेल की," मी म्हणालो.

"प्रयोगशाळेत आहे, पण तिथं फोन आत नेऊ देत नाहीत," मंजू म्हणाली. "राहायचं शेतावरच्या खोल्यांत. तिथं ज्याचा त्याचा मोबाईल." मग आवाज बारीक करून तिनं विचारलं, "तुम्हाला कोणता बरा वाटतो?"

शहाण्या नवऱ्याला या प्रश्नात बरंच काही ऐकू आलं असतं. मला त्यात फक्त एक वैचारिक आव्हान ऐकू आलं. त्याच आठवड्यात मी वर्गात 'कुटुंब आणि पाळत' या विषयावर तास घेतला होता, आणि तो इतका रंगला होता की मागच्या बाकावरची मुलंही जागी होती.

"लहान," मी म्हणालो.

"लहान?" विरूपाक्षनं मंजूकडं बघितलं.

"हो, लहान. 'जेवलीस का, कुठं होतीस, मागं कोण उभं आहे' असं रोज व्हिडिओवर विचारणारा नवरा मला व्हायचं नाही. मंजू, तू काम करायला चाललीस. मोकळी राहा. तुझ्या खिशात मी माझी शिट्टी घालून पाठवणार नाही. रविवारी एक फोन पुरे. प्रेमाला डेटा लागत नाही."

(शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं, की महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी ते तिथल्या तिथं पावतीच्या मागं लिहून घेतलं.)

मंजूनं माझ्याकडं बघितलं. डाळ निवडताना खडा सापडला की ती तो चिमटीत धरून क्षणभर उजेडात बघते, तसं. मग "बरं" म्हणाली.

"बघ बाबा," विरूपाक्ष पाकीट माझ्या हातात देत म्हणाला. "तिकडं जाऊन सिम चालू झालं की वर्षभर प्लॅन बदलत न्हाई. बदलायचाच असला तर निघायच्या आधी सांग. सिमच्या मागं लांबलचक नंबर हाय, तो लागतोय."

"नाही बदलणार," मी म्हणालो. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मला स्वतःचा जरा अभिमानच वाटत होता. मंजू पुढं चालत होती. ती मागं वळून बघेल असं वाटलं, पण तिनं नाही बघितलं.

घरी आल्यावर दुसराच प्रश्न उभा राहिला. मठातल्या स्वामींनी पंचांग बघून सांगितलं, की विमानाचा मंगळवार प्रयाणाला चांगला नाही. (हे विमान कंपनीला कोणी कळवलं नव्हतं.)

"मग पस्तान ठिवू," आई म्हणाली. "बेस्तवारी सकाळी वेळ झ्याक हाय."

ज्यांच्याकडं ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निघायचा दिवस बरा नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या वेळेला प्रवासातली एक वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. त्या वस्तूबरोबर माणूस निघालं असं धरायचं. मग खरोखर निघताना ती वस्तू उचलायची आणि पुढं जायचं. हेच प्रस्थान, आमच्याकडचं पस्तान. मधल्या दिवसांत त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि ते घरी तर मुळीच परत आणायचं नाही. आणलं, तर प्रवास मोडला.

"तिकडं उतरल्याबरोबर पहिलं काय लागतंय तुला?" आईनं मंजूला विचारलं.

"पहिलं म्हणजे… सिमकार्ड."

"मग तेच ठिवू."

"आई!" मी उसळलो. "सिमकार्डाला कसला आलाय मुहूर्त?"

"तुला लग्नात लागला तवा कुठं बोललास?"

(बोललो होतो. पण तेवढ्यात बँडवाल्यांनी सुरू केलं.)

बेस्तवारी, म्हणजे गुरुवारी, सकाळी सिमच्या पाकिटावर विभूतीची तीन बोटं उमटली. तांदूळ, सुपारी आणि हळकुंडाबरोबर ते हिरव्या खणात बांधलं गेलं आणि मंजूच्या हातून शेजारच्या साखराबाईंच्या देवघरात जाऊन बसलं. साखराबाईंनी गाठोड्यावरून हात फिरवला.

"माझ्याकडचं पस्तान आजवर मोडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या देव्हाऱ्यातनं निघालेली माणसं सौदीपातुर जाऊन आल्यात. काळजी करू नको, मंजू."

मंजू खाली वाकून नमस्कार करत होती. मी दारात उभा राहून विवेकवादी चेहरा करत होतो.

हे सगळं इथंच संपलं असतं. पण त्याच दिवशी अप्पांनी दुकानातला डाळीचा काटा घरी आणला, मंजूची बॅग जोखायला. बॅग काट्यावर चढली. शेंगाची चटणी, काळा मसाला, आईनं उन्हात वाळवलेल्या शेवया, लोकरी मोजे. अप्पा वजन सांगत होते, निरोपाला जमलेल्या आया-मावश्या एक वस्तू काढत होत्या आणि दोन घालत होत्या. मी मंजूचं कपाट उघडलं, तिची शाल आणून द्यायला. तिचे खण रिकामे होते. तळाला अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद तेवढा दिसत होता. मी तो कागद बराच वेळ वाचत उभा राहिलो. (कुठल्याशा पतसंस्थेच्या वार्षिक सभेची बातमी होती. अजून पाठ आहे.)

रात्रीच्या जेवणानंतर आमच्याकडं मागच्या नळावर भांडी घासली जातात. मंजू घासते, मी विसळतो. लग्नानंतर मी हा नियम तत्त्व म्हणून सुरू केला, आणि तत्त्व कधीच वाहून गेलं, नळ तेवढा राहिला. कारण तिथं दुसरं कोणी येत नाही. तिथं ती मला 'तू' म्हणते. आज प्रयोगशाळेत काय बिघडलं, कुठल्या तुरीनं कसा दगा दिला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं तिला कशी आपल्या भाच्याची माहिती दिली, हे सगळं ती तिथं सांगते. साबणाचा हात हवेत नाचवत. लग्नापासून मी जे काही तिच्याशी बोललो, ते बहुतेक सगळं त्या नळावर.

त्या रात्री नळावर मावश्या होत्या. मी गेलो तर मला हाकलून दिलं, "तू जा रे, पुरुष माणूस." आणि तिथून परत फिरताना मला एकदम लख्ख दिसलं, की मी या नळाचं रूपांतर रविवारच्या एका फोनमध्ये करून आलो आहे. स्वतःच्या तोंडानं. भाषण देऊन.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी विरूपाक्षच्या शटरसमोर हजर.

"मोठा करायचाय," मी म्हणालो.

"काय मोठं करायचंय?"

"प्लॅन."

त्यानं कुलूप काढता काढता माझ्याकडं बघितलं. "अन् ते शिट्टी-बिट्टी काय म्हणालास?"

"विरू, फालतू बोलू नको. मोठा कर."

"करतो की. सिमच्या मागचा नंबर सांग."

मी शटर वर ढकलायला लागलो.

"कामून? सिम कुठाय?"

"पस्तानात."

विरूपाक्ष आधी हसला, मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि मग पुन्हा जोरात हसला. "फोटो तरी काढून ठिवायचास बे!"

(मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवा.)

"दुसरं सिम दे मग."

"एका पासपोर्टवर एकच निघतंय. अन् ते बी हैदराबादहून येतंय. वहिनी निघून गेल्यावर येईल. तुला पाठवू का डेन्मार्कला?"

मंजूला सांगावं, हा सरळ मार्ग होता. पण मंजूला सांगायचं म्हणजे घरात तिला एकटीला गाठायचं, आणि गाठलं तर म्हणायचं काय? माझं स्वातंत्र्यावरचं भाषण मी मागं घेतो? मला तू रोज दिसायला हवीस? हे वाक्य मी मनात तीन-चार प्रकारे मांडून बघितलं, आणि प्रत्येक प्रकारात मी मला नको असलेल्या नवऱ्यासारखाच दिसत होतो. त्यापेक्षा चोरी बरी, असं ठरवून मी दुपारी साखराबाईंच्या दारात गेलो.

"ये बापू," त्या म्हणाल्या. "काय काढलंस?"

"पस्तानाला नमस्कार करायचा होता," मी म्हणालो.

साखराबाईंच्या हातातलं सूप तसंच थांबलं. गणपतीच्या वर्गणीवरून त्यांच्याशी वाद घालणारा मी. ग्रहणात मुद्दाम त्यांच्या ओट्यावर बसून केळं खाणारा मी. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आलास बाबा वळणावर," त्या म्हणाल्या. "बायको लांब चालली की माणसाला देव आठवतोय. ये, आत ये."

मी देवघरासमोर बसलो. त्याही माझ्या शेजारी बसल्या, अगदी चिकटून. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. मी डोळे मिटले. उघडले तर त्या कौतुकानं माझ्याकडंच बघत होत्या. मी पुन्हा मिटले. विवेकवादी माणसानं एका सिमकार्डापुढं एवढा वेळ डोळे मिटून बसणं, ही चळवळीच्या इतिहासातली पहिलीच घटना असावी.

"काकू, जरा पाणी मिळेल का?"

"हाव की," म्हणत त्या उठल्या.

मी गाठोड्यावर झडप घातली. आईनं मारलेली गाठ. ही गाठ सोडायला जन्म लागतो. दातांनी ओढली. सुटली, पण तांदूळ देव्हाऱ्यात उडाले आणि सुपारी समईखाली गेली. पाकीट उघडून सिम उलटं केलं तर नंबरावर विभूती. अंगठ्यानं पुसली. मोबाईल काढला, कॅमेरा उघडला, आणि कॅमेऱ्यात पाण्याचा तांब्या धरलेल्या साखराबाई दिसल्या.

"अग्गं माय!" तांब्या खाली. "मोडलं! पस्तान मोडलं!"

"काकू, ऐका…"

ऐकायला त्या तिथं होत्याच कुठं? गुडघे दुखतात म्हणून ज्या लग्नाच्या पंगतीलासुद्धा खुर्ची मागतात, त्या बाई पायरीवरून उडी मारून गल्लीत पोचल्या होत्या. "शरणम्मा! ओ शरणम्मा! तुझ्या पोरानं पस्तान फोडलं ग! सुनेला जाऊ देईना झालाय!"

मी मागं धावलो. त्यांना गाठून तोंड बंद करावं, एवढंच डोक्यात होतं. त्या आमच्या घरात शिरल्या. त्यांच्या मागं मीही उंबरा ओलांडून थेट मधल्या खोलीत जाऊन उभा राहिलो. सगळे माझ्या तोंडाकडं बघत नव्हते. माझ्या हाताकडं बघत होते.

माझ्या हातात सिमकार्ड होतं.

"घरात आणलंस?" आई म्हणाली. ती खालीच बसली. "परत घरात आणलंस?"

"आई, हे बघ, यामागं काहीही शास्त्रीय…"

"बायकोला धाडायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचंस. तोंड तर एवढं चालतंय तुझं!"

"मी? मी नाही धाडणार? अगं, स्त्रीच्या स्वातंत्र्याबद्दल माझी भूमिका अख्ख्या महाविद्यालयाला माहीत आहे!"

"ते हाय," एक मावशी म्हणाली. "पर असे बोलणारेच आतनं तसले असतेत."

अप्पा फारसं बोलत नाहीत. दिवसभर गिऱ्हाईक बोलतं, ते ऐकतात. त्यांनी काट्यावरची बॅग बाजूला केली आणि म्हणाले, "भूमिका राहू दे. हात कशाला घातलास, ते सांग."

आतल्या दारात मंजू उभी होती. तिच्या हातात घडी घालायचा टॉवेल होता.

"अहो, पण ते…" ती काहीतरी बोलायला गेली. आईनं तिला हातानंच थांबवलं. "तू थांब ग. ह्येलाच बोलू दे."

मी सगळीकडं बघितलं. आई, अप्पा, आया-मावश्या, साखराबाई, आणि उघड्या दारातून आत डोकावणारी गल्ली. आयुष्यात मला कधीही इतका मोठा आणि इतका शांत श्रोतृवर्ग मिळालेला नाही.

"मोठा प्लॅन करायचा होता," मी म्हणालो.

"कसला?"

"फोनचा. लहान घेतला होता. त्यात रविवारीच बोलता येतं."

"मग?"

"मला रोज बोलायचंय."

"कुणासंगं?"

"मंजूसंगं." माझा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "रोज बोलल्याशिवाय… मला नाही राहवणार."

साखराबाईंनी पदर तोंडाला लावला. अप्पा घाईघाईनं काट्याची वजनं गोळा करायला लागले, जणू आत्ताच कोणी पोतं घेऊन येणार होतं. मंजूनं टॉवेलची घडी घातली, मग तीच घडी मोडून पुन्हा घातली. शेवटी आई डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, हे असं असतंय तर आधी कुणाच्या बापानं तोंड धरलं होतं?" अप्पा वजनं मोजत राहिले.

स्वामींना फोन लागला. ते म्हणाले, उपाय आहे. ज्यानं पस्तान घरात आणलं, त्यानंच ते परत नेऊन ठेवायचं. आणि ती निघेपर्यंत त्याच घरात पस्तानापाशी राहायचं. तोवर आपल्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही.

म्हणजे मंजू जायच्या आधीचे उरलेसुरले दिवस मी तिच्याशिवाय काढायचे. नकार दिला तर बायकोला अडवणारा, होकार दिला तर अंधश्रद्धाळू. मी सिमकार्ड आणि गादी उचलली.

साखराबाईंच्या देवघराची आणि आमच्या मधल्या खोलीची भिंत एकच. मी भिंतीला टेकून बसलो की पलीकडचं सगळं ऐकू यायचं. चेन ओढल्याचा आवाज. "हे मोजे नकोत आई, तिथं मिळतात." "तिथले काय ऊब देतेत?" मग मंजूचं हसणं. वीतभर भिंत मध्ये, आणि मला वाटत होतं की डेन्मार्क आजच सुरू झालं.

संध्याकाळी फोन वाजला. मंजूचा.

"काय करायलास?" ती म्हणाली.

"पस्तानापाशी बसलोय. तू कुठं आहेस?"

"गच्चीवर. कपडे काढायला आले. कोणी नाही इथं. पस्तान बरं आहे का?"

"पस्तान बरं आहे. मी बरा नाही."

ती हसली. मग म्हणाली, "अमर, त्या सिमवर मोठा प्लॅन आधीच झालाय."

"काय? कधी?"

"दुकानातनं आलो त्याच दिवशी. मी ॲपवरनं केला."

"पण नंबर?"

"प्रयोगशाळेत कुठलाही नमुना हातात आला की मी आधी त्याच्यावरच्या नंबराचा फोटो काढते. सवय आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतास ना. तुझं संपायची वाट बघत होते."

"आणि आज? सगळे मला खात होते तेव्हा?"

"सांगायला लागले होते की. मग तू ते रोज बोलायचं म्हणालास. ते जरा आणखी ऐकावंसं वाटलं."

मी भिंतीला डोकं टेकवलं. "म्हणजे तू माझ्यासाठीच मोठा…"

"आईंसाठी. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ह्यो येडा लहानच घेतंय बघ, तू मोठा घे, मला रोज तोंड बघायचंय तुझं."

"आणि मी?"

"तुझ्या प्रेमाला डेटा लागत नाही, असं ऐकलंय."

त्यानंतर आम्ही कितीतरी वेळ बोललो. तिला भीती वाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. विमानाची नाही. तिकडं जाऊन आपण साध्या ठरलो तर, याची. मी भाषण केलं नाही. नुसतं हं हं करत राहिलो, आणि ती म्हणाली, तू असा ऐकतोस तेव्हा बरं वाटतं. मध्येच साखराबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "कुणाशी बोलायलास रे एवढं?"

"बायकोशी!"

"ती तर पल्याड हाय की! हाक मार न्हाईतर! फोन कशाला जाळायलास?"

सोमवारी दुपारी गाडी आली. हैदराबाद गाठायचं होतं. साखराबाईंच्या दारात मी मंजूच्या हातात गाठोडं दिलं. खण तोच, गाठ नवी, आईचीच. तिनं ते कपाळाला लावून पर्समध्ये ठेवलं. गाडीत मागं आई, अप्पा आणि दोन बॅगा बसल्या होत्या. मी माझी जागा बघायला लागलो.

"ह्येला नगं न्यायला," आई आतून म्हणाली. "विमानतळावर काय करील नेम न्हाई."

"आई, मी शपथेवर…"

"नका येऊ," मंजू म्हणाली. सगळ्यांसमोर, चांगल्या मोठ्यानं. माझं तोंड उतरलं असावं, कारण ती माझ्या शर्टाला लागलेली विभूती झटकायच्या निमित्तानं जवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तू आलास ना, तर मी जाणार नाही."

स्वातंत्र्य, मोकळीक, भूमिका, हे सगळे शब्द मी गेली कितीतरी वर्षं वापरत आलो. त्यांचं वजन त्या क्षणी पहिल्यांदा अंगावर आलं. मी गाडीचं दार लावून दिलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी हात वर धरून उभा होतो. शेवटी साखराबाई म्हणाल्या, "कर की आता खाली. रेल्वेच्या सिग्नलागत उभा राहिलास."

मंजू सुखरूप पोचली. तिकडचा मोठा प्लॅन उत्तम चालतो. रोज आमच्या संध्याकाळी, तिच्या दुपारी, ती कामातून थोडी सुटते आणि व्हिडिओ फोन येतो. मी दिवसभर त्याची वाट बघतो. शेवटचा तास घेताना माझं लक्ष घड्याळाकडं असतं, हे विद्यार्थ्यांच्याही लक्षात आलंय. धावत घरी येतो. फोन वाजतो, मी उचलतो, तिचा चेहरा दिसतो, वाऱ्यानं उडणारे केस, मागं सपाट हिरवं शेत. मी तोंड उघडतो, आणि आई म्हणते, "धर हिकडं."

तिचे हात पिठात असतात, म्हणून फोन मीच धरायचा. मागचा कॅमेरा लावून. आधी भाकरी दाखवायची, मग कालवण, मग अंगणातल्या कढीपत्त्याला फुटलेली पालवी, मग अप्पा, मग नवीन चष्मा लावून आलेल्या साखराबाई. मंजू सगळ्यांशी बोलते, सगळ्यांना बघते. मी फोनच्या मागं असतो. मला ती दिसते, तिला मी दिसत नाही.

परवा आई भाकरी थापता थापता तिला काहीतरी सांगत होती आणि मंजू मध्येच म्हणाली, "तुम्ही आहात ना तिथं?"

"आहे," मी म्हणालो. "मीच तर धरलाय."

"कळतंय. मघापासून कोपऱ्यात तुमचा अंगठा दिसतोय. नखाला शाई लागलीय."

मी घाईघाईनं अंगठा काढायला लागलो.

"नका काढू," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम नळावरचा झाला होता. "असू द्या. रोज तेवढाच बघते मी."

मी अंगठा जरा पुढं सरकवला, मग आणखी जरा, मग अख्खा पंजाच हळूहळू कॅमेऱ्यासमोर आणला.

"अहो," मंजू म्हणाली, "एवढाही नको. आईंची भाकरी दिसेना."